गाडी सोडणाऱ्याचे शिक्षण



व्याख्यानमालेत बोलावयास येणाऱ्या मनुष्याने काहीतरी भव्य विषय घ्यावा, अशी आपली रीत आहे. मी मात्र आज आपणांस एस. टी. स्टँडावर नेणार आहे. विषय साधा आहे. पण तो आपल्या रोजच्या जिवाशी निगडित आहे, एवढेच त्याच्या बाजूने सांगता येईल.

स्टँडावर एका खिडकीच्या आत एक गृहस्थ बसलेला असतो. समोर नोंदवही, तोंडाजवळ ध्वनिक्षेपक. आपण त्याला एकच प्रश्न विचारतो : ‘मुरूड किती वाजता?’ हा वाहतूक नियंत्रक. त्याच्या मागच्या खोलीत आगार व्यवस्थापक, म्हणजे आपण ज्यांना डेपो मॅनेजर म्हणतो ते. आणि त्याही मागे, तेलकट फरशीच्या शेडमध्ये, पान्हे घेऊन गाडीखाली उताणे झोपलेले यांत्रिक. ही तिन्ही माणसे आपल्याबरोबर गाडीत बसत नाहीत. पण गाडी सुटावी की सुटू नये, हे तीच ठरवितात. चालकाच्या हाती गाडी येते ती यांच्या हातून.

गाडी चालविणाऱ्याच्या शिक्षणाविषयी समाज जागरूक असतो. त्याला परवाना लागतो, परीक्षा लागते, त्याचे डोळे तपासतात. अपघात झाला की पहिला प्रश्न ‘चालक कोण होता?’ हाच. गाडी सोडणाऱ्याने हे काम कोठे शिकले, किती शिकले, असे मात्र कोणी विचारीत नाही. माझे म्हणणे असे की हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तर काकणभर अधिकच.

या किनाऱ्याला तो धडा प्रथम पाण्यावर मिळाला. १७ जुलै १९४७. आषाढाची अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. सणासाठी गावी येणारी माणसे तिच्यात खच्चून भरली होती. वाटेत वादळी लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. जवळपासच्या कोळ्यांनी हाती लागतील तितकी होड्यांत ओढून घेतली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी पोहोचेपर्यंत दिवस उतरणीला लागला होता. आपल्या तालुक्यांत अशी घरे होती की जेथे या दिवसाचे नाव पुढे कित्येक वर्षे कोणी घेत नसे.

आता या गोष्टीत नाखवा कसा होता हा प्रश्न आहेच. पण बोट धक्क्यावरून सोडताना, आभाळ पाहून, माणसे मोजून, ‘आज नको’ असे म्हणण्याचा अधिकार, ते ज्ञान आणि ती छाती धक्क्यावरील कोणाजवळ होती काय? वाहतुकीच्या संस्थेतील शिक्षणाचा गाभा या प्रश्नात आहे. गाडी सोडणे कोणालाही येते. थांबविणे शिकवावे लागते.

आपल्या देशात ही गोष्ट रेल्वेला लवकर कळली. जमालपूरला १८६२ साली रेल्वेचा कारखाना निघाला आणि त्याच्या आश्रयाने कारागीर आणि अभियंते घडविण्याची परंपरा उभी राहिली. १९५२ साली बडोद्याच्या प्रतापविलास राजवाड्यात रेल्वे अधिकाऱ्यांसाठी महाविद्यालय सुरू झाले. कारण उघड आहे. रेल्वे ही जन्मापासूनच एक मोठी संस्था. सिग्नल एकाने द्यावा, गाडी दुसऱ्याने हाकावी, रूळ तिसऱ्याने पाहावा. अशा ठिकाणी शिकविल्याशिवाय चालतच नाही.

मोटारीचे तसे नव्हते. मोटारवाहतूक वाढली ती एकेका मालकाच्या एकेका गाडीने. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे; चार वर्षे काचा पुसून, टप भरून, उस्तादाच्या शिव्या खाऊन ड्रायव्हर होई; नशीब असले तर मालकही होई. या विद्यापीठाला मी हसणार नाही. त्यातून फार चांगले चालक आणि कारागीर निघाले. पण जी गोष्ट उस्तादाला ठाऊक नाही ती शिष्याला कळण्याचा त्यात मार्ग नव्हता; आणि उस्तादाची चूकही विद्येबरोबर वारशाने मिळे.

१ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एस. टी. धावली. १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. विखुरलेल्या मालकांच्या जागी एक प्रचंड संस्था आली; एका माणसाच्या हाताखाली शंभर गाड्या आणि काही शे माणसे आली. अशा आगाराचा कारभार उस्तादगिरीने कसा चालावा? निरनिराळ्या राज्यांतील अशा महामंडळांचा १९६५ साली एक संघ झाला, आणि त्या संघाने व केंद्र सरकारने मिळून १९६७ साली पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था स्थापन केली. आगार व्यवस्थापक, वाहतूक अधिकारी, कार्यशाळांतील अभियंते यांनी काही दिवसांसाठी, काही वेळा काही आठवड्यांसाठी तेथे जावे, वर्गात बसावे आणि परत आपल्या कामावर रुजू व्हावे, अशी ती योजना. एस. टी. महामंडळाची स्वतःची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही भोसरीतच आहे. एका गावात दोन शाळा आहेत, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. एक आपल्या महाराष्ट्राच्या एस. टी.ची, दुसरी साऱ्या देशाच्या महामंडळांची.

या वर्गांतून शिकवितात तरी काय? ‘साहेबलोकांना भत्ता घेऊन पुण्याची हवा खाण्याची सोय,’ असे एका गृहस्थाने मला ऐकविले होते. तेव्हा थोडे तपशिलात जाऊ.

पहिला भाग हिशेबाचा. समजा, दुपारच्या पेण गाडीला सहाच उतारू आहेत. सामान्य मनुष्य म्हणेल, फेरी रद्द करा, तोटा वाचेल. अलिबाग ते पेण तीस किलोमीटर. गाडी एका लिटरला साडेचार किलोमीटर जाते असे धरले, तर वाचणारे डिझेल पावणेसात लिटरच्या आसपास. शिवाय टायरची थोडी झीज. चालकाचा आणि वाहकाचा पगार वाचत नाही, डेपोचा खर्च वाचत नाही, गाडीची किंमत वाचत नाही. उलट तीच गाडी पेणहून परत येताना भरून यावयाची होती ती गेली, आणि ते सहा उतारू उद्यापासून सहा आसनी रिक्षाने जाऊ लागले. कोणता खर्च फेरीबरोबर वाढतो आणि कोणता फेरी असो वा नसो उभाच असतो, हा भेद एकदा नीट समजला की आगार व्यवस्थापकाचे अर्धे निर्णय बदलतात.

आणखी एक गणित पाहा. समजा, एका आगाराच्या गाड्या मिळून दिवसाला वीस हजार किलोमीटर धावतात. लिटरला साडेचारऐवजी चार पूर्णांक सहा किलोमीटर पडू लागले, तर रोज सुमारे ९६ लिटर डिझेल वाचते; वर्षाला पस्तीस हजार लिटरांच्या घरात. हा किलोमीटरचा दहावा भाग येतो कोठून? टायरमध्ये हवा बरोबर ठेवणे, ब्रेक चाकाला घासत न ठेवणे, स्टँडावर इंजिन उगाच धडधडत न ठेवणे. यात चालकाचा वाटा आहेच. पण त्याहून मोठा वाटा शेडमधल्या माणसाचा आणि त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्याचा आहे.

दुसरा भाग कायद्याचा, आणि तो मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालक-वाहकांचे काम सामान्यतः दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरविले होते. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. आणि कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पसारा, मधली विश्रांती धरून, बारा तासांपेक्षा अधिक नसावा. हे वाचावयास सोपे आहे. पण श्रीवर्धनहून मुंबईला जाणारी गाडी, तिला महामार्गावर अडलेले दोन तास, आणि रात्री खेड्यात मुक्काम करून पहाटे निघणारी वस्तीची गाडी, या सर्वांत ते तास बसविणे म्हणजे शिंप्याने तोकड्या कापडात सदरा बेतण्यासारखे आहे. ज्याला बेतता येत नाही तो कापड ओढतो. म्हणजे माणसाची झोप ओढतो. घाटात डुलकी लागलेल्या चालकाला आपण दोष देतो; त्याच्या कामाचा तक्ता कोणी मांडला होता, हे पाहावयास कोणी जात नाही.

१९५० चा तो मूळ कायदा या बाबतीत मोठा मौजेचा आहे. एका कलमात तो म्हणतो की लोकांना कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची वाहतूक मिळेल असे पाहणे हे महामंडळाचे कर्तव्य. चार कलमे पुढे गेल्यावर म्हणतो की कारभार धंद्याच्या तत्त्वांनी चालवावा. सेवा करा, पण दुकानासारखी करा! या दोहोंमधली दरी आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर रोज सकाळी येऊन पडते.

तिसरा भाग यंत्राचा. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा आपल्या डोंगरी वाटांशी संबंधित आहे. भरलेली बस १५ टनांची धरू. बोरघाटाच्या माथ्यावरून खोपोलीपर्यंत ती सुमारे ५०० मीटर खाली उतरते. वर असताना तिच्या अंगी असलेली शक्ती उतरताना कोठेतरी जावयास हवी. चालकाने सारा घाट केवळ ब्रेक दाबून उतरावयाचे ठरविले, तर ती शक्ती उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रमांत शिरेल. ही उष्णता किती, तर सुमारे अडीचशे लिटर पाण्याला उकळी आणील इतकी! लग्नघरातील मोठी घंगाळी डोळ्यांपुढे आणा. ड्रम तापतो, पसरतो. ब्रेकचे अस्तर गुळगुळीत होते. पेडल दाबले जाते, पण गाडी थांबत नाही. यासाठी घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावयाचे, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम. आणि तो शास्त्राला धरून आहे.

चालकाने नियम पाळला तरी एका चाकाचा ब्रेक घट्ट आणि दुसऱ्याचा ढिला असेल तर काय? ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरेल. हे कारागिराचे काम. आपल्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर. मुरूड-श्रीवर्धनच्या गाडीचा पत्रा आणि सांगाडा देशावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजतो, हे समुद्रकाठी सायकल ठेवणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. गंज रंगाखाली लपतो. तो हातोडीच्या आवाजावरून ओळखणे ही विद्या आहे, आणि ती शिकविता येते. लंडनमध्ये चिझिक येथील बसच्या कारखान्यात मुद्दाम निसरडी केलेली एक फरशी होती. तिच्यावर पाणी सोडून नव्या चालकाला गाडी घसरवावयास लावीत आणि मग ती सावरावयास शिकवीत. जी आपत्ती रस्त्यावर यावयाची ती आवारात आधी आणून दाखवावयाची, ही कल्पना मला फार आवडते. आता तेच काम काही ठिकाणी पडद्यासमोर बसवून यंत्राने करतात.

विजेच्या गाड्यांनी तर कारागिराचे अर्धे ज्ञान जुने करून टाकले. १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी सुरू झाली. डिझेलच्या गाडीत कारागिराचा संबंध चोवीस व्होल्टांच्या बॅटरीशी. चुकून हात लागला तर फारसे बिघडत नाही. विजेच्या गाडीत तेच काही शे व्होल्ट असतात आणि ते जीव घेतात. नारिंगी रंगाच्या तारेला हात लावण्यापूर्वी प्रवाह तोडावयाचा, मग काही वेळ थांबावयाचे, मोजून खात्री करावयाची. वीस वर्षे बिनधास्त हात घालणाऱ्या माणसाला ही सवय लावणे नव्या पोराला शिकविण्यापेक्षा कठीण आहे. घाटाची गोष्टही बदलते. या गाडीची मोटर उतारावर उलट वीज तयार करते आणि ती बॅटरीत भरते. ब्रेक थंड राहतात. छानच! पण घाटाच्या माथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरून घेतली असेल, तर ही वीज घालणार कोठे? मग भार पुन्हा साध्या ब्रेकांवर येतो. म्हणजे गाडी कोठे आणि किती भारावी, हाही सुरक्षिततेचा प्रश्न झाला. आणि तो सोडविणारा मनुष्य पुन्हा स्टीअरिंगवर नाही, खिडकीच्या आत आहे.

आता या किनाऱ्याकडे येतो. रायगड विभागाचे मुख्य कार्यालय पेणला आहे. त्याखाली अलिबाग, मुरूड, रोहा, माणगाव, महाड, श्रीवर्धन अशी आगारे. पावसाळ्यात नागोठण्याच्या स्थानकात अंबेचे पाणी शिरणे ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. महाडला सावित्री, रोह्याला कुंडलिका. या नद्या नुसत्या पावसाने फुगत नाहीत. वरून पाऊस आणि खालून उधाणाची भरती अशी गाठ पडली की खाडी पाणी घेत नाही, आणि मग नदी गावात फिरते. भरती केव्हा? आपला कोळी पंचांग पाहून सांगतो : तिथीला तीनने गुणा, चारने भागा. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. कुलाबा किल्ल्यावर चालत जाणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक असते. पण भोसरी समुद्रापासून दूर आहे, आणि घाटावरून बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला तिथीचा आणि गाडीच्या वेळेचा संबंध कोणी सांगितल्याशिवाय कसा कळावा? देशाच्या शाळेत देशाचे ज्ञान मिळते. त्याला गावच्या ज्ञानाची जोड गावातच द्यावी लागेल. प्रत्येक आगारात पावसाळ्यापूर्वी दोन दिवस असे बसावे, जुन्या चालकांना बोलवावे, आणि कोणत्या मोरीवर किती पाणी आले म्हणजे गाडी थांबवावयाची, हे नकाशावर लिहून काढावे. याला फारसा खर्च नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्याही. त्या चालकांना कोणी काहीही शिकविले असते तरी अंधारात नसलेला पूल त्यांना दिसला नसता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुलाचा कारभार एस. टी.चा नव्हे. पण त्या रात्री पुलाजवळच्या एका गॅरेजमधील कामगाराच्या ध्यानात हा प्रकार आला आणि त्याने धावत जाऊन मागून येणारी वाहने अडविली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. त्याला कोणी नेमले नव्हते. जे काम त्याने अंतःप्रेरणेने केले, ते करण्यासाठी नेमलेली, शिकविलेली आणि ज्याचा शब्द चालेल अशी माणसे वाटेवर असावीत, यासाठी हा सारा खटाटोप.

शेजारच्या जिल्ह्यातले २२ जुलै २०२१ चे उदाहरण आपणांस आठवत असेल. चिपळूणच्या आगारात पुराचे पाणी चढले तेव्हा तेथील आगार व्यवस्थापक जमा झालेले सुमारे नऊ लाख रुपये घेऊन कित्येक तास एका बसच्या टपावर बसून राहिले. त्यांच्या निष्ठेला नमस्कारच केला पाहिजे. वर्गात मात्र मी हे उदाहरण वेगळ्या रीतीने मांडीन. पाणी अमुक पायरीला लागले की रोकड कोठे हलवावयाची, गाड्या कोणत्या उंचवट्यावर न्यावयाच्या, आणि हे ठरविण्याचा अधिकार मध्यरात्री कोणाला, हे आधी लिहिलेले असेल तर पुढच्या मनुष्याला टपावर चढावे लागू नये. शौर्याच्या गोष्टी ऐकावयास बऱ्या वाटतात. पण बहुतेक शौर्यांच्या मागे कोठेतरी एक न लिहिलेली सूचना असते.

येथे एक अडचण मोकळेपणाने मांडतो. गाडी थांबविणाऱ्याचे कौतुक कधी होत नाही. रद्द झालेले किलोमीटर कागदावर दिसतात. न झालेला अपघात कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. उतारू खिडकीवर येऊन भांडतात, आणि वरून विचारणा होते की इतक्या फेऱ्या का बुडाल्या. नव्या नियंत्रकाला वर्गात ‘शंका आली तर थांबवा’ असे शिकवावयाचे, आणि आगारात आल्यावर पहिल्याच थांबविण्याबद्दल खुलासा मागवावयाचा, असे झाले तर तो कोणते शिक्षण लक्षात ठेवील? म्हणून केवळ खालच्या माणसाला शिकवून भागत नाही. खुलासा मागणाऱ्यालाही त्याच वर्गात बसवावे लागते. भोसरीसारख्या संस्थेचे खरे महत्त्व मला येथे वाटते. निरनिराळ्या राज्यांचे आणि निरनिराळ्या पायऱ्यांवरचे अधिकारी तेथे एका बाकावर येतात, आणि आपलीच चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात.

शेवटी वेळेचा प्रश्न. माणसे शिकावयास पाठवावयाची कधी? जून ते सप्टेंबर पाऊस. त्या दिवसांत आगारातून एकही अनुभवी मनुष्य हलविता येत नाही. पावसातच गणपती, आणि मुंबईहून येणाऱ्या जादा गाड्या. मग दिवाळी. मार्चात शिमगा, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि सुट्टीचे पाहुणे. एका आगार व्यवस्थापकांपाशी मी हे सारे बोटांवर मोजले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘जानेवारी-फेब्रुवारी मोकळा आहे की!’ आणि मग थोडे थांबून, ‘फक्त तेव्हा शाळांच्या सहली असतात.’